फणसाडची प्रदक्षिणा: आधी हद्द की आधी रस्ता?

फणसाड अभयारण्याला सायकलने पूर्ण चक्कर मारता येते. साळावहून निघायचं, समुद्र उजव्या हाताला ठेवत कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव करत मुरूड गाठायचं. मुरूडहून केळघरचा घाट चढून रोह्याला उतरायचं आणि रोह्याहून चणेऱ्यावरून परत साळाव. सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास. मुंबई-पुण्याचे सायकलवाले यातला पहिला तुकडा आवडीने करतात, कारण काशीदचा किनारा. मागचा तुकडा करणारे कमी, कारण घाट.

पण नकाशा समोर घेतलात तर एक गोष्ट खटकायला हवी. मोठे रस्ते जंगलाच्या कडेकडेने जातात. मधून थेट आरपार, सरळसोट असा हमरस्ता नाही. का नाही? "अभयारण्य आहे म्हणून" हे उत्तर लगेच तोंडात येतं, पण ते पुरत नाही. फणसाडला अभयारण्याचा दर्जा 1986 साली मिळाला. एखाद्या मुलुखातले जुने मार्ग त्याच्या कितीतरी आधीच ठरलेले असतात.

मी मूळचा सुप्याचा, म्हणजे पारनेर तालुक्यातल्या, नगर-पुणे रस्त्यावरच्या सुप्याचा. (फणसाडच्या जंगलात शिरायचं ते सुपेगावहून. नावापुरतं नातं आहे, बाकी पाऊस, माती, भात-भाकरी सगळं वेगळं.) आमच्याकडे पठारावर रस्ता काढायचा तर आडवं यायला फार काही नसतं. ओढा आला तर फरशी टाकायची आणि पुढे जायचं. त्यामुळे रस्त्याला इतिहास असतो, तो कोणी अडवला असेल, हे पटकन मनात येत नाही. आमच्या जिल्ह्यातलं माळढोक अभयारण्य बघा. 1979 साली नगर आणि सोलापूर जिल्ह्यांत ते जाहीर झालं तेव्हा क्षेत्र होतं 8,496 चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, बाजारपेठा, राज्यमार्ग सगळंच आलं. रस्ते आधीच होते, हद्द त्यांच्यावरून ओढली गेली. पुढे ती आकसून साधारण 1,222 चौरस किलोमीटरवर आली, त्यामागे हेही एक मोठं कारण होतं. फणसाड सुमारे 70 चौरस किलोमीटरचं, म्हणजे त्या मानाने मूठभर. पण इथे क्रम उलटा आहे. हद्द आधीची आहे आणि मोठे रस्ते तिला वळसा घालून गेलेत.

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना मला एवढंच सांगायचंय: दोन गोष्टी एकमेकींना चिकटून दिसल्या की आधी त्यांचा क्रम विचारा. विज्ञान शिकलेल्याला हे सोपं जातं. खडकांचे थर वाचताना आपण हेच करतो, कोण कोणाला कापून गेलंय ते बघतो. जो कापतो तो नंतरचा. रस्ता आणि हद्द यांनाही हाच नियम लावता येतो.

तर ही हद्द कोणाची? जंजिरा संस्थानाची. 1948 साली विलीन होईपर्यंत हा सगळा भाग सिद्दी नवाबांच्या ताब्यात होता, आणि आजचं फणसाड हे त्यांचं राखीव शिकारीचं जंगल होतं. शिकारखाना राखायचा म्हणजे दोन गोष्टी करायच्या: बाहेरच्याला आत येऊ द्यायचं नाही आणि आतलं पाणी टिकवायचं. जंगलातल्या पाणवठ्यांना इथे 'गाण' म्हणतात, अभयारण्याचं नावही अशाच एका गाणीवरून आलंय. शिकारीसाठी जपलेल्या पाण्यावर आज सांबर, बिबटे आणि झाडांवर शेकरू टिकून आहेत. नवाबाला वन्यजीवांचा कळवळा होता म्हणून नव्हे. त्याला बंदुकीसमोर जनावर हवं होतं. हेतू एक आणि परिणाम दुसराच, हे पर्यावरणाच्या इतिहासात इतक्या वेळा भेटतं की हेतूवरून परिणाम लिहिणाऱ्या प्रबंधाकडे मी जरा संशयानेच बघतो.

आता चक्कर पुन्हा बघा. मुंबई गॅझेटियरचा कुलाबा-जंजिऱ्याचा अकरावा खंड 1883 साली निघाला. त्यातलं जंजिऱ्याच्या सीमांचं वर्णन वाचलं की मजा येते. उत्तरेला कुंडलिकेची, म्हणजे रोह्याची खाडी, पूर्वेला रोहा आणि माणगाव, दक्षिणेला बाणकोटची खाडी, पश्चिमेला समुद्र. आणि मधोमध राजपुरीची खाडी, जिने संस्थानाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडतात. त्यातला उत्तरेचा भाग नकाशावर रंगवा आणि त्यावर सायकलची चक्कर ठेवा. दोन्ही आकार बऱ्यापैकी जुळतात. म्हणजे आपण "अभयारण्याभोवतीचा रूट" म्हणून जे पायडल मारतो, ती मोडून गेलेल्या एका संस्थानाच्या उत्तर भागाची कड आहे. चणेऱ्याजवळ बिरवाडीचा किल्ला लागतो, रोह्याच्या डोक्यावर अवचितगड, मुरूडसमोर समुद्रात पद्मदुर्ग आणि राजपुरीसमोर जंजिरा. एका जंगलाभोवती इतके किल्ले उगाच नसतात.

क्रमाचा दुसरा धक्का किनारी रस्त्याबद्दलचा. सायकलवरून जाताना वाटतं की समुद्राकाठचा रस्ताच सगळ्यात जुना असणार, इतका तो 'नैसर्गिक' दिसतो. प्रत्यक्षात कोकणात उत्तर-दक्षिण प्रवास मुख्यतः पाण्यावरून व्हायचा आणि जमिनीवरचे महत्त्वाचे मार्ग पूर्व-पश्चिम असायचे, बंदरापासून घाटाकडे. माल खाडीतून जितका आत नेता येईल तितका न्यायचा, मग डोक्यावर किंवा बैलावर. रोहा हे गाव समुद्रापासून आत असूनही महत्त्वाचं झालं ते कुंडलिकेच्या खाडीमुळे. गावागावात तर असायची, म्हणजे होडीने खाडी ओलांडायची जागा. पावसाळ्याचे महिने समुद्र बंद. नारळी पौर्णिमेला नारळ सोडेपर्यंत पायवाटा हाच आधार. म्हणजे एकाच मुलुखात दोन जाळी होती, एक आठ महिन्यांचं आणि एक चार महिन्यांचं. रस्त्यांचा नकाशा यातलं एकच दाखवतो, तेही अर्धवट.

पाण्यावरच्या या वाटेची किंमतही लोकांनी मोजलीय. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. अमावस्येचा, गटारीचा दिवस, घरी निघालेले कोकणी लोक. अलिबागकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून ही गोष्ट विचारावी लागत नाही, ते आपणहून सांगतात. किनाऱ्याने पक्का रस्ता हवा ही मागणी नुसती सोयीची नव्हती, हे त्यांच्याशी बोलल्यावर समजतं. बॅ. अंतुले 1980 ते 1982 मुख्यमंत्री होते, रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गाची कल्पना त्यांच्या नावाशी जोडली जाते. ते स्वतः आंबेतचे, सावित्रीच्या खाडीकाठचे. खाडी मध्ये आली की पलीकडचं गाव किती लांब पडतं, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता साधनांबद्दल. रूट शोधायला आज सगळे स्ट्राव्हाचा हीटमॅप उघडतात. मीही उघडतो. किनाऱ्याची रेघ उजळलेली, घाटाची फिकट, जंगलात अंधार. यावरून "जंगलात वाटा नाहीत" असं लिहाल तर फसाल. हीटमॅप सांगतो की ज्यांच्याकडे जीपीएसचं घड्याळ आणि मोकळा रविवार आहे ती माणसं कुठून गेली. गॅझेटियर सांगतं की इंग्रज सरकारला सारा, जकात आणि फौजेसाठी कोणत्या वाटा महत्त्वाच्या वाटल्या. दोघांची नजर वेगळी, पण दोघांनाही एकच माणसं दिसत नाहीत: मासळीची पाटी डोक्यावर घेऊन किनाऱ्यावरून आत डोंगरातल्या वाड्यांवर जाणारी कोळीण, आणि लाकूडफाटा, मध, रानभाज्या घेऊन खाली उतरणारे कातकरी आणि ठाकर. त्यांच्या वाटा जंगलातून आरपारच होत्या. आधी शिकारखान्यामुळे आणि मग अभयारण्यामुळे त्यांच्यावर बंधनं आली. वर मी "आरपार हमरस्ता नाही" असं लिहिलं, त्यातला 'हमरस्ता' हा शब्द मुद्दाम आहे. वाट कधीच नव्हती असं नाही. त्या वाटेला रस्ता म्हणायची ताकद ज्यांच्याकडे होती, त्यांना ती नको होती.

एक छोटी तांत्रिक सूचना, कारण दरवेळी कोणी ना कोणी विचारतं. चढाच्या आकड्यांवरून जुन्या वाटा 'सिद्ध' करायला जाऊ नका. उंचीची जी मोफत माहिती आपण वापरतो त्यातली बरीचशी फेब्रुवारी 2000 मधल्या शटल मोहिमेतली आहे, आणि दाट झाडीत ती रडार लहर बऱ्याचदा जमिनीपर्यंत पोचतच नाही, फांद्यांच्या उंचीवरूनच परत फिरते. फणसाडसारख्या जंगलात हा फरक काही मीटरचा असतो. घाटाचा कल ढोबळ मानाने कळायला तेवढं चालतं, पण पायवाटेला नाही. शिवाय 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने इथली झाडं मोठ्या प्रमाणात पाडली, काशीदची सुरूची राई तर ओळखू येईना. म्हणजे 2000 सालची 'उंची' आणि आजची उंची यांत वादळही मोजावं लागतं.

मला हा विषय आत्ताच का लिहावासा वाटला? सागरी महामार्गाचं काम आता रस्ते विकास महामंडळाकडे आहे आणि खाड्यांवर मोठे पूल येताहेत. आगरदांड्याहून दिघीला आज सायकल जेट्टीवर नेऊन, बोटीत चढवून पलीकडे जाता येतं. राजपुरीच्या खाडीने या मुलुखाचे दोन भाग केले होते, ही गोष्ट त्या थोड्या मिनिटांत जितकी नीट कळते तितकी गॅझेटियर वाचून मला कळली नव्हती. पूल झाला की पलीकडच्यांचा दवाखाना, कॉलेज, बाजार जवळ येईल. त्याला "वारसा जातोय" म्हणून विरोध करायचा हक्क नगर जिल्ह्यातून सायकल घेऊन आलेल्या माझ्यासारख्याला नाही. पण काशीदच्या बाजूला जंगल आणि समुद्र यांच्यात जी चिंचोळी पट्टी आहे, तिथून आज वळणं घेत जाणारा रस्ता उद्या रुंद आणि वेगवान झाला तर हद्द आणि रस्ता यांचा क्रम पहिल्यांदा उलटेल. रस्ता ठरेल आणि जंगल त्याच्याप्रमाणे सरकेल.

विषय शोधत असाल तर 1948 ते 1986 ही 38 वर्षं घ्या. नवाब गेला होता आणि अभयारण्य आलं नव्हतं, मधल्या काळात या जंगलाचा मालक सरकार होतं आणि वापर करणारे बरेच. आधीच्या काळासाठी मुंबईत फोर्टमध्ये, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. तिथे राजकीय विभागाच्या दप्तरांत जंजिऱ्याचा पत्रव्यवहार बघायला मागा. नंतरच्या काळासाठी वनखात्याच्या कार्य आयोजना आणि गावांचे जुने नकाशे. जाताना गाईडचं पत्र आणि ओळखपत्र न्या. आणि जमलं तर त्याआधी एकदा केळघरचा घाट चढून या, म्हणजे दप्तरातली गावांची नावं वाचताना कोणतं वर आणि कोणतं खाली हे पायांना आठवेल.