नमस्कारास नमस्कार

प्रसिद्ध माणसांच्या भेटीच्या आठवणी सांगणे हा मोठा नाजूक उद्योग आहे. सांगणारा बोलत असतो त्यांच्याविषयी, पण पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या मनावर ठसवू पाहतो ते स्वतःचे महत्त्व. हा दोष आमच्याकडूनही घडण्याचा संभव आहे, हे ओळखूनच आम्ही लेखणी हाती घेतली आहे. विषय आहे मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या वीस वर्षांतील नामवंतांचा. ती माणसे फार साधी होती, असे आमच्या पिढीतील जो तो म्हणतो, आणि ते खरेही आहे. परंतु ती साधी का होती, आणि त्या साधेपणावर आपण जो विश्वास टाकला त्याचे पुढे काय झाले, या दोन प्रश्नांकडे आठवणी सांगणारांचे लक्ष सहसा जात नाही. तेव्हा आठवणींबरोबर थोडा इतिहासही सांगावा, असा आमचा विचार आहे.

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. त्या अगदी प्रारंभीच्या काळात तेथे काम करणाऱ्या मंडळींत आपले पु. ल. देशपांडे होते, ही गोष्ट मराठी वाचकांस ठाऊक आहेच. मुंबईस मात्र हे नवल यावयास तेरा वर्षे लागली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीचे केंद्र सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे तीच चित्रे पुण्यासही दिसू लागली. चित्रे काळी-पांढरी, वाहिनी एकच, आणि कार्यक्रम संध्याकाळचे काही तास. संच महाग असे. शिवाय तो बाळगण्यासाठी टपाल कचेरीत परवान्याचे शुल्क भरावे लागे. त्यामुळे चाळीच्या एका मजल्यावर एखाद्याच बिऱ्हाडी तो यावयाचा, आणि संध्याकाळी अवघा मजला त्या बिऱ्हाडी लोटावयाचा.

आमच्या गिरगावातील चाळीत हा मान शेजारच्या एका सुखवस्तू कुटुंबाकडे होता. त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडे आणि आत सतरंजीवर आम्ही मुले दाटीवाटीने बसत असू. आमची आजी मात्र भिंतीशी, पाटावर. मराठी बातम्यांची वेळ झाली की ती पदर सावरून नीट बसे, आणि पडद्यावरील व्यक्तीने 'नमस्कार' म्हटले की तीही दोन्ही हात जोडून तितक्याच गंभीरपणे 'नमस्कार' म्हणे. आम्ही मुले तोंड दाबून हसत असू. एकदा धीर करून आम्ही तिला सांगितले, की आजी, त्यांना तू दिसत नाहीस. त्यावर ती म्हणाली, "मला ते दिसतात ना? मग घरी आलेल्या माणसाच्या नमस्काराला उत्तर नको का द्यायला?"

घरी आलेले माणूस! आजीच्या या दोन-तीन शब्दांत त्या काळाचा बराचसा इतिहास साठविलेला आहे, असे आज आम्हांस वाटते. चित्रपटातील नटाला पाहावयास आपण त्याच्या दारी जातो. अंधारात, तिकीट काढून, मान वर करून. हा नवा माणूस आपल्या घरी, दिव्याच्या उजेडात, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर येत होता. त्याला देव मानणे अवघड होते. पाहुणा मानणे सोपे होते.

आणि पाहुण्याशी बोलावयास संकोच कसला? सन १९७८-७९ च्या सुमाराची गोष्ट. आजीबरोबर आम्ही भाजी आणावयास गेलो होतो. एका गाड्यापाशी, हातात कापडी पिशवी घेतलेल्या एक बाई मेथीच्या जुड्या निवडीत उभ्या होत्या. आम्ही त्यांना ओळखले आणि आमचे काळीज धडधडू लागले. त्या नित्य पडद्यावर दिसणाऱ्या निवेदिका होत्या. आजी मात्र सरळ पुढे झाली आणि म्हणाली, "बाई, काल तुमचा घसा बसला होता हो. ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरीत जा." आम्ही लज्जेने विजेच्या खांबाआड दडलो. पण बाई हसल्या. "काल फारच त्रास झाला," त्या म्हणाल्या, "इकडे चांगलं ज्येष्ठमध कुठं मिळतं?" मग काष्ठौषधींचे दुकान, त्याची गल्ली, ज्येष्ठमध भेसळीचे कसे ओळखावे, असे दोघींचे बराच वेळ चालले. शेवटी बाईंनी निवडलेली एक जुडी आजीच्या पिशवीत घातली आणि त्या निघून गेल्या. घरी परतताना आजी एवढेच म्हणाली, "मेथी निवडायची चांगली माहिती आहे तिला."

आता या साधेपणाची कारणे पाहू. पहिले कारण असे, की त्या काळी दूरदर्शनवर दिसणे हे बहुतेकांचे उदरनिर्वाहाचे साधन नव्हते. बातम्या वाचणारांपैकी अनेकांना पाळीपाळीने बोलाविले जाई आणि कामापुरता मेहनताना मिळे; चरितार्थ अन्यत्र चाले. अनंत भावे हे महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक, मुलांसाठी लिहिणारे कवी, आणि संध्याकाळी वृत्तनिवेदक. भक्ती बर्वे यांचे खरे जग रंगभूमी होते. 'ती फुलराणी'तील मंजुळा १९७५ साली महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, तरी निवेदिका म्हणून आमच्या घरांतून त्यांची ओळख त्यापूर्वीच झालेली होती. 'चिमणराव' या मालिकेत चिं. वि. जोशी यांचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांनी उभा केला आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांनी. हे कर्वे मुंबई महानगरपालिकेच्या नोकरीत होते. आदल्या रात्री सबंध शहराला हसविलेला माणूस दुसऱ्या दिवशी कचेरीच्या वेळेस कामावर हजर होतो, तेव्हा त्याच्या डोक्यात वारे शिरावयास सवड कोठून मिळणार? स्मिता पाटील बातम्या वाचीत तेव्हा त्या अवघ्या विशीच्या आतबाहेर होत्या. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसत, ही हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे. प्रेक्षकांस दिसे ती नेटकी साडी. आत होती महाविद्यालयातून धावत आलेली मुलगी.

दुसरे कारण असे, की त्या व्यवस्थेत माणसाची किंमत ठरविणारा बाजारच नव्हता. जाहिरातींना दूरदर्शनवर प्रवेश मिळाला तो १ जानेवारी १९७६ पासून. तोपर्यंत कोणाचा चेहरा किती माल खपवितो हे मोजण्याचे कारणच नव्हते. सुहासिनी मुळगांवकर 'प्रतिभा आणि प्रतिमा'मध्ये साहित्यिकांना व कलावंतांना आपल्यासमोर आणीत. तबस्सुम १९७२ पासून १९९३ पर्यंत 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' या कार्यक्रमात चित्रपटातील मंडळींना हसतखेळत बोलते करीत. या कार्यक्रमांत यजमानाने पाहुण्याहून मोठे दिसू नये, असा अलिखित दंडक होता.

दंडक कार्यक्रमांपुरताच नव्हता, याची एक साक्ष आमच्यापाशी आहे. सन १९८८ साली आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनास दूरदर्शनच्या एका विनोदी नटास बोलाविले होते. त्यांना टॅक्सीने आणण्याची कामगिरी आमच्याकडे व आमच्या एका मित्राकडे आली. आम्ही ऐटीत त्यांच्या घरी पोहोचलो तो ते निघून गेलेले! परत येऊन पाहतो तर स्वारी बसने येऊन सभागृहाच्या पायऱ्यांवर बसलेली, आणि आमचा शिपाई त्यांना स्वतःच्या डब्यातील पोळीभाजी आग्रहाने वाढीत आहे. आम्ही ओशाळून क्षमा मागू लागलो. ते म्हणाले, "अहो, टॅक्सीचे पैसे वाचले तर गॅदरिंगला तेवढी भजी जास्त होतील." भाषण त्यांनी दहा मिनिटांत संपविले, कारण सकाळी त्यांची पाळी होती.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग तो काळ सुवर्णयुगच होता. इतिहासाच्या शिक्षकाने हे मान्य करता कामा नये. जी एकमेव वाहिनी आम्हांस इतकी घरगुती वाटे, ती सरकारची वाहिनी होती. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. ती २१ मार्च १९७७ पर्यंत होती. त्या एकवीस महिन्यांत देशात काय घडत आहे हे कळण्याचे साधन म्हणून आमचा मजला ज्या पडद्यासमोर बसे, त्यावर सरकारास हवे तेच येई. पुढे सत्तांतर झाल्यावर, प्रसारसाधनांच्या या दुरुपयोगावर १९७७ सालच्या ऑगस्टात श्वेतपत्रिका निघाली. बी. जी. वर्गीस यांच्या समितीने १९७८ साली स्वायत्त न्यासाची शिफारस केली. ती जशीच्या तशी कधीच अमलात आली नाही. प्रसार भारतीचा कायदा १९९० सालचा, आणि तो लागू झाला १९९७ साली.

या इतिहासाशी आमच्या आठवणींचा सांधा कसा जुळतो, हे आम्हांस फार उशिरा कळले. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका विवाहसमारंभात जुन्या वृत्तनिवेदकांपैकी एका वृद्ध गृहस्थांची गाठ पडली. त्यांचे नाव मुद्दामच लिहीत नाही. पंगतीस आम्ही शेजारी बसलो होतो. आजीच्या नमस्काराची कथा आम्ही मोठ्या उमाळ्याने त्यांना सांगितली. ते प्रसन्न होतील अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी मात्र हातातला घास ताटात ठेवला. "असं पुष्कळांनी सांगितलं आहे मला," ते म्हणाले. "आधी बरं वाटायचं. मग एकदा मनात आलं, की त्या दिवसांत मी जे जे वाचलं, त्यालाही लोकांनी हात जोडलेच असतील. कागद दुसऱ्याचा होता, पण नमस्कार माझा होता. तुमच्या आजींनी विश्वास ठेवला तो माझ्या तोंडाकडं पाहून."

आम्हांस उत्तर सुचेना. त्यांनी न वाचल्याने काय झाले असते? दुसऱ्या कोणी वाचले असते. पण हे म्हणणे त्यांना ठाऊक नव्हते असे थोडेच! त्या क्षणी आम्हांस जाणवले ते एवढेच, की ज्या साधेपणाचे आम्ही इतकी वर्षे कौतुक करीत होतो, त्याच साधेपणामुळे त्या बातम्या अधिक खऱ्या वाटल्या होत्या. गर्विष्ठ माणसाच्या तोंडची गोष्ट आपण पारखून घेतो; घरच्यासारख्या माणसाच्या तोंडची तशीच गिळतो.

मग काळ पालटला. १९८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंग दोन्ही आले. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली. तिच्या प्रेक्षकांनी चार लाखांवर पत्रे पाठविली, असे अभ्यासकांनी नमूद केले आहे. पत्रे, म्हणजे पुन्हा नमस्कारास नमस्कारच. पण २५ जानेवारी १९८७ पासून 'रामायण' आले आणि घरोघरी संचाला हार घातले जाऊ लागले. पाहुण्याचा देव झाला. १९९१ साली त्याच मालिकेतील सीता आणि रावण, म्हणजे दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी, लोकसभेवर निवडून गेले. पुढच्या वर्षी, मुंबई केंद्राला बरोबर वीस वर्षे झाली त्याच दिवशी, २ ऑक्टोबर १९९२ रोजी, झी ही खाजगी वाहिनी सुरू झाली. बाजार आला, निवड आली, सरकारची एकाधिकारशाही मोडली. हे इष्टच झाले. त्याबद्दल हळहळणारांपैकी आम्ही नव्हे. मात्र यजमानाचा ग्राहक झाला, आणि ग्राहकाला कोणी ज्येष्ठमधाचे दुकान विचारीत नाही.

त्या पंगतीची गोष्ट अपुरी राहिली आहे. पान वाढून पुढे आले तरी ते गृहस्थ गप्पच होते. तेव्हा आम्हांस एकाएकी आठवले, आणि आम्ही म्हणालो, "एक सांगायचं राहिलं. आजी नमस्कार करायची तो बातम्यांच्या आधीचा. शेवटचा नमस्कार होईपर्यंत ती बसतच नसे. कुकर लावायचा म्हणून पहिल्या दोन बातम्यांतच उठून जायची."

ते आमच्याकडे पाहत राहिले आणि मग मोठ्याने हसले. "म्हणजे नमस्कार मला होता," ते म्हणाले, "बातमीला नव्हता." आम्ही मान हलविली. त्यांनी घास उचलला आणि आजींच्या हाताला चव कशी होती, असे विचारले.

आजी त्यापूर्वीच, १९८९ साली गेली. पडद्यावरील माणसाला हात जोडण्याची सवय आमच्या घरात आता कोणास नाही. परंतु बातम्या पाहताना सांगणारा कितीही सालस दिसो, आम्ही त्याच्या चेहऱ्याचा मान आणि त्याच्या हातातील कागद, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा यत्न करतो. आजीने हे कोणत्याही महाविद्यालयात न जाता केले होते. आम्हांस ते अजून नीटसे जमत नाही.