बाटलीतली वर्षे : जुन्या पोर्ट वाईनची साक्ष

मराठीतला ‘पिंप’ हा शब्द पोर्तुगीज ‘पीपा’वरून आला. चावी, पगार, घमेले, बिजागरी यांच्या पंगतीतलाच तो. जुन्या वजनमापांचा मला पंचवीसेक वर्षे नाद आहे. या पीपाचे मूळ शोधत गेलो, तेव्हा ते पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या वाईन-व्यापारात आजही नांदताना दिसले. नदीपलीकडच्या कोठारांत एक पिंप म्हणजे साधारण ५५० लिटर, आणि जहाजावर चढवायचे पिंप ५३४ लिटरचे. मापाचे काम एवढ्यावर संपायला हवे होते. पण त्या पिंपांविषयी वाचताना एक वेगळीच मंडळी भेटली. पन्नास, ऐंशी, शंभर वर्षांच्या पोर्ट वाईन शेजारी शेजारी ठेवून चाखणारी, त्यांची तुलना करणारी आणि प्रत्येक घोटाची नोंद ठेवणारी ही माणसे. त्यांच्या टिपणवह्या मी गेली काही वर्षे वाचतो आहे, त्या इतिहासाचे साधन म्हणून.

गोव्यात दुकानांतून ‘पोर्ट वाईन’ या नावाने मिळणारी गोडसर लाल वाईन पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्याविषयी हा लेख नाही. खरी पोर्ट उत्तर पोर्तुगालच्या दौरो नदीच्या खोऱ्यातली. तिथले डोंगर पाटीसारख्या थराथरांच्या दगडाचे, उन्हाळा भाजून काढणारा, आणि उतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांवर द्राक्षमळे. द्राक्षे तुडवून रस आंबायला ठेवतात. दोन-तीन दिवसांत, निम्मी साखर शिल्लक असतानाच, त्यात ७७ टक्के मद्यार्काची द्राक्षांची दारू ओततात. आंबणे थांबते, गोडी आत कोंडली जाते. हिशेब जुना आहे : ४३५ लिटर रसाला ११५ लिटर दारू, म्हणजे बरोबर एक पिंप.

हे असे का करू लागले, याचे उत्तर राजकारणात आहे. फ्रान्सशी सतत भांडण असल्यामुळे इंग्रजांना फ्रेंच वाईन परवडेना. १७०३च्या मेथुएन तहाने पोर्तुगीज वाईनवरची जकात फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांशाने कमी ठरली. मागणी वाढली तशी भेसळही वाढली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीचा रस मिसळू लागले. भाव कोसळले, तेव्हा पोर्तुगालचा कर्ता मंत्री पोंबाल याने १७५६ मध्ये एक सरकारी कंपनी काढली, खोऱ्याच्या हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले आणि एल्डरची झाडे उपटायला लावली. त्या हद्दीतही प्रतवारी होती. निर्यातीच्या उत्तम वाईनला ‘फेतोरिया’ची वाईन म्हणत. फेतोरिया म्हणजे इंग्रज व्यापाऱ्यांची वखार. आपल्याकडे राजापूरला आणि सुरतेला होती तशीच.

मद्यार्क घालण्याची रीत मात्र सर्वांना मान्य नव्हती. जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा ब्रिटिश व्यापारी पोर्तोत राहत असे. दौरो नदीचा तपशीलवार नकाशा त्याने स्वतः काढला. १८४४ मध्ये त्याने निनावी पुस्तिका छापून आपल्याच धंदेवाल्यांवर झोड उठवली. खरी पोर्ट म्हणजे पूर्ण आंबलेली, कोरडी, वरून काही न घातलेली वाईन, हे त्याचे म्हणणे. व्यापारी खवळले. १८२०चे पीक निसर्गतःच इतके गोड निघाले की गिऱ्हाईक दरवर्षी तशीच वाईन मागू लागले आणि व्यापाऱ्यांनी दारूचे प्रमाण वाढवले, अशी एक हकीकत सांगितली जाते. म्हणजे एका वर्षाच्या चवीची आठवण पुढच्या सगळ्या वर्षांवर लादली गेली. फॉरेस्टर वाद हरला. माझ्या मते त्याचे म्हणणे प्रामाणिक होते, पण तो जिंकला असता तर शंभर वर्षे टिकणाऱ्या पोर्टच्या बाटल्या आज फारशा उरल्या नसत्या आणि हा लेखही लिहावा लागला नसता. १८६१च्या मे महिन्यात दौरोच्या वालेरा खळाळात त्याची होडी उलटली. कमरेच्या पट्ट्यातल्या नाण्यांनी त्याला खाली ओढले, आणि सोबत असलेल्या दोना आंतोनिया फेरेरा या मळेवालीला तिच्या फुगीर झग्याने तारले, असे पोर्तोत आजही सांगतात. त्याचा देह सापडला नाही.

वाईन टिकली तरी ती साठवायला योग्य भांडे हवे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या बाटल्या कांद्यासारख्या बुटक्या आणि फुगीर होत्या. त्या आडव्या ठेवता येत नसत. बाटली उभी राहिली की बूच सुकते, आकसते आणि हवा आत शिरते. शतकाच्या उत्तरार्धात सरळ दंडगोल बाटल्या घडू लागल्या आणि त्या तळघरात एकावर एक आडव्या रचता आल्या. एकाच उत्तम वर्षाची, बाटलीतच वाढणारी ‘व्हिंटेज’ पोर्ट त्यातून जन्मली. १७७५ हे त्यातले पहिले गाजलेले वर्ष मानतात. इंग्लंडात मुलाच्या जन्मवर्षाची पोर्ट घेऊन तो सज्ञान होईपर्यंत जपून ठेवायची चाल पडली ती यातूनच.

पोर्टला दोन प्रकारे वय येते. व्हिंटेज दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बाटलीत जाते आणि पुढे दशकानुदशके हवेवाचून पिकते. तळाशी जाड साका धरतो, रंग मात्र बराच काळ लाल राहतो. ‘टॉनी’ पोर्ट लाकडी पिंपांतच राहते. पिंपाच्या फटींतून हवा झिरपते, थोडी वाईन दरवर्षी उडून जाते, लाल रंग विटकरी होतो आणि पुढे पिवळसर. नदीपलीकडच्या व्हिला नोव्हा दे गाया या गावात एका कोठारात मी दहा, वीस आणि चाळीस वर्षांच्या टॉनी ओळीने चाखल्या. मी पिणाऱ्यांतला नव्हे. तीन छोटे पेले मला पुरून उरले. दहाच्या पेल्यात मनुका आणि खारीक होती. विसाच्या पेल्यात अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा आला. चाळिसाचा पेला जुन्या मधाच्या रंगाचा, कडेला हिरवट झाक, आणि चव थेट काकवीच्या कढईची. गोडी तीच, पण तिच्याखाली एक आंबट धार, जी नसती तर तो घोट गिळवला नसता.

तिथे कळलेली एक गोष्ट मला चवीपेक्षा मोलाची वाटते. टॉनीच्या बाटलीवरचा ‘२०’ हा आकडा जन्मदाखला नव्हे. आतली वाईन अनेक वर्षांच्या पिंपांचे मिश्रण असते. विसाव्या वर्षी असावी तशी ती लागते का, हे पोर्तोच्या सरकारमान्य वाईन संस्थेतली तज्ज्ञ मंडळी चाखून ठरवतात. त्यांनी मान्य केले तरच आकडा छापता येतो. कायद्याने जिभेची साक्ष ग्राह्य धरलेली उदाहरणे जगात फार नसावीत.

आता तुलना करणाऱ्यांकडे वळू. जुन्या व्हिंटेज पोर्टची बाटली उघडणे हेच एक काम. साठ-सत्तर वर्षांचे बूच स्क्रू फिरवताच भुसा होऊन आत पडते. म्हणून लोखंडी सांडशी लाल होईपर्यंत तापवून बाटलीच्या मानेला बुचाखाली आवळतात, मग तिथे गार ओले फडके लावतात. काच बुचासकट सरळ तडकते. मग मेणबत्तीच्या उजेडात मान धरून वाईन हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओततात, आणि साका मानेशी आला की थांबतात. चाखण्याच्या रीती मुख्यतः दोन : एकाच व्यापारी घराण्याची अनेक वर्षे ओळीने, किंवा एकाच वर्षाच्या अनेक घराण्यांच्या वाईन शेजारी शेजारी. पहिलीत काळ दिसतो, दुसरीत माणूस. जाणकार मंडळी लेबल झाकूनच चाखतात.

या झाकून चाखण्याचे सर्वात जुने घर म्हणजे पोर्तोतले फॅक्टरी हाऊस. ‘फॅक्टरी’ म्हणजे इथेही वखारच, कारखाना नव्हे. १७८५ ते १७९० या काळात बांधलेल्या या इमारतीत ब्रिटिश पोर्ट-व्यापारी बुधवारी एकत्र जेवतात. शेवटी एक व्हिंटेज पोर्ट फिरते आणि ती कोणत्या वर्षाची, कोणत्या घराण्याची हे पाहुण्यांनी ओळखायचे. तिथे एकमेकीला लागून जेवणाच्या दोन खोल्या आहेत. मोठ्या मेजवानीत जेवण झाले की पाहुणे आपापला रुमाल घेऊन शेजारच्या खोलीत जातात, कारण पोर्टच्या वासात रश्शाचा वास मिसळायला नको. एवढा जामानिमा असूनही धंद्यात आयुष्य घालवलेली माणसे चुकतात, आपलीच वाईन दुसऱ्याची म्हणून सांगतात.

याचे एक कारण असे की लेबल आणि वाईन यांचे नाते वाटते तितके सरळ नाही. एकोणीसशे सत्तरीच्या सुरुवातीपर्यंत व्हिंटेज पोर्ट बहुतेक वेळा पिंपांतून ब्रिटनला जाई, आणि लंडन-ब्रिस्टलचे व्यापारी ती आपापल्या तळघरात बाटल्यांत भरत. ती पोर्तुगालमध्येच बाटलीबंद करण्याची सक्ती १९७४च्या सुमारास आली. त्यामुळे १९६३ सालची एकाच घराण्याची पोर्ट दोन बाटल्यांत वेगळी लागू शकते : कोणी महिना आधी भरली, कोणी हलके बूच वापरले. हस्तलिखिताच्या दोन नकला जुळवताना जे होते तेच. १९४५ची वाईन युद्धोत्तर टंचाईमुळे बरीचशी पोर्तोतच बाटल्यांत भरली गेली, म्हणून तुलनेत तिचा विचार वेगळा करावा लागतो.

वर्षाचेही तसेच. एखादे वर्ष ‘व्हिंटेज’ म्हणून जाहीर करायचे की नाही, हे घराणे ठरवते. दहा वर्षांत साधारण तीनदा. त्यात हवामानाइतकाच बाजार असतो. १९३१चे पीक अप्रतिम होते. पण मंदीचे दिवस, आणि १९२७चाच माल अंगावर. बहुतेक घराण्यांनी ते जाहीरच केले नाही. नोव्हाल या मळ्याने केले, आणि त्याची ‘नासियोनाल’ ही १९३१ची पोर्ट आज दंतकथा झाली आहे. जुन्या वर्षांच्या याद्या वाचताना मी म्हणूनच पावसाच्या आधी बाजारभाव पाहतो.

टिपणांचीही पारख करावी लागते. जॉर्ज सेंट्सबरी हे एडिंबरोचे इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांचे तळघराच्या वहीवर आधारलेले पुस्तक १९२० मध्ये निघाले, आणि पोर्टच्या शौकिनांना ते अजून पूज्य आहे. गद्य रसाळ आहे, पण जुन्या मेजवान्यांची ती म्हातारपणी लिहिलेली आठवण आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर बखर. याउलट मायकल ब्रॉडबेंट. १९६६ मध्ये त्यांनी लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहाचा वाईन विभाग हाती घेतला. छोट्या लाल वहीत ते तिथल्या तिथे तारखेसह टिपण करत, आणि अशी टिपणे हजारोंनी जमली. तीच वाईन दहा-वीस वर्षांनी पुन्हा भेटली की पुन्हा नोंद. जीभ एकच, वाईन तीच, मधला काळ मोजलेला. राजवाड्यांनी बखरी बाजूला सारून अस्सल पत्रांचा आग्रह धरला, त्याच कारणाने मी सेंट्सबरींपेक्षा ब्रॉडबेंटना वर ठेवतो, जरी वाचायला सेंट्सबरीच आवडतात.

प्रयोगशाळेची मदत अपुरी पडते. बाटली न फोडता तिच्यातले सिझियम-१३७ मोजायची पद्धत फ्रान्समध्ये निघाली. अणुस्फोटांपूर्वी हे द्रव्य वातावरणात नव्हते, म्हणून जुन्या नावाने विकलेली नवी वाईन पकडता येते. पण १८६३ची वाईन आणि १९०८ची वाईन त्या यंत्राला सारखीच. तिथे पुन्हा जीभ आणि वही.

शौकिनांचा सर्वात जुना वाद या जागी अडतो. १८६०च्या दशकात फिलॉक्सेरा ही मुळे खाणारी कीड दौरोत आली आणि मळे उजाड झाले. पुढे अमेरिकी खुंटावर कलमे करून मळे पुन्हा उभारले. त्याआधीची, स्वतःच्या मुळांवरच्या वेलींची पोर्ट अधिक चांगली होती का? टेलर या घराण्याने २०१० मध्ये १८५५ची, लाकडात राहिलेली पोर्ट विकायला काढली तेव्हा चाखणारे थक्क झाले. पण दीडशे वर्षे पिंपात आटलेल्या वाईनची तुलना करायची कशाशी? खरी जोडी एकाच ठिकाणी मिळते : पिन्याओजवळच्या त्याच नोव्हाल मळ्यात. तिथे सुमारे दोन हेक्टरांच्या तुकड्यात अजून कलम न केलेल्या वेली आहेत, आणि बांधापलीकडे कलमांच्या. नासियोनाल येते ती त्या तुकड्यातून. दोन्ही पोर्ट एकाच वर्षाच्या, शेजारी शेजारी ठेवून चाखणारे बहुतेक जण नासियोनालला झुकते माप देतात. मात्र १९३१ची वाईन दिली तेव्हा त्या वेली जेमतेम काही वर्षांच्या होत्या. १९२०च्या दशकातच लागवड झालेली. त्यामुळे श्रेय मुळांना द्यायचे, जमिनीला की त्या वर्षाला, यावर टिपणवह्यांत एकमत नाही. आणि उत्पादन इतके थोडे की ज्यांच्या वहीत ही जोडी लागोपाठ नोंदलेली आहे, अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच आढळतात.