‘सूर्य मावळला’ : हें काव्य कीं वार्ता ?

साहित्यशास्त्रांतील संज्ञा म्हटल्या कीं बहुतेकांस शाळेंतील पाठांतर आठवतें. लक्षण घोकावें, उदाहरण जुळवावें आणि परीक्षा संपतांच दोन्ही विसरावीं, असा क्रम घरोघर दिसतो. वस्तुतः यांतील कित्येक संज्ञा म्हणजे जुन्या वादांत आचार्यांनीं घेतलेल्या बाजू आहेत. एका साध्या वाक्याची हकीकत पाहिली म्हणजे हें ध्यानांत येईल.

सूर्य मावळला, चंद्र प्रकाशूं लागला, पाखरें घरट्यांकडे निघालीं, एवढाच त्या वाक्याचा आशय. भामहानें आपल्या ‘काव्यालंकारा’त तें देऊन विचारलें कीं, हें कसलें काव्य ? ही तर नुसती ‘वार्ता’ ! त्याच्या मतें लोकव्यवहाराहून निराळी, किंचित् वांकडी अशी बोलण्याची धाटणी असल्याशिवाय अलंकार संभवत नाहीं. या धाटणीसच तो ‘वक्रोक्ति’ म्हणतो. आणि ती नाहीं म्हणून हेतु, सूक्ष्म व लेश हे तीन अलंकार तो नाकारतो. पुढें नवव्या शतकांत रुद्रटानें ‘वक्रोक्ति’ ही संज्ञा एका शब्दालंकारापुरती मर्यादित केली : एकाच्या बोलण्याचा दुसऱ्यानें श्लेषानें किंवा स्वराच्या हेलानें भलताच अर्थ करणें. हा अर्थ मनांत धरून जो भामह वाचील, त्यास भामहाचा मुद्दाच कळणार नाहीं.

दंडीनें ‘काव्यादर्शा’त हेंच वाक्य घेतलें, परंतु निकाल उलट दिला. काळाची अवस्था कळविण्यास हेंहि चांगलेंच आहे, असें म्हणून त्यानें तें हेतु अलंकारांत घातलें. आणि भामहानें नाकारलेले तिन्ही अलंकार त्यानें वाणीचीं उत्तम भूषणें ठरविले. दोघेहि स्थूलमानानें सातव्या-आठव्या शतकांतले. त्यांत आधीं कोण, यावर पंडितांत पुष्कळ वाद झाला. पण दोघांच्या मतांतील विरोध उघड आहे.

यानंतर प्रश्नच पालटला. काश्मीरांत अवंतिवर्म्याच्या राज्यांत (इ. स. ८५५–८८३) नांवारूपास आलेल्या आनंदवर्धनानें वैयाकरणांपासून ‘ध्वनि’ हा शब्द घेतला आणि वाक्य काय सांगतें याहून तें काय सुचवितें याकडे लक्ष वेधलें. अकराव्या शतकांत मम्मटानें ‘काव्यप्रकाशा’च्या पांचव्या उल्लासांत ‘सूर्य अस्तास गेला’ एवढेच शब्द घेतले. वाच्यार्थ एकच, परंतु बोलणारा, ऐकणारा व प्रसंग बदलतांच निघणारे अर्थ किती! शत्रूवर घाला घालण्याची वेळ झाली, आतां काम पुरे, संध्येस लागा, गाई घरांत घ्या, विक्रीचा माल आवरा, प्रियकर अजून आला नाहीं. यासच ‘व्यंग्यार्थ’ म्हणतात. आपल्याकडेहि ‘दिवेलागण झाली’ असें आईनें अंगणांत येऊन म्हटलें, तर मुलें घड्याळाकडे पाहत नाहींत; निमूटपणें खेळ आवरतात.

एकाच सूर्यास्ताकडे बोट दाखवून एकानें वार्ता म्हटलें, दुसऱ्यानें अलंकार म्हटलें, तिसऱ्यानें त्यांतून अनेक व्यंग्यार्थ काढून दाखविले. काव्य कशानें होतें, या प्रश्नास प्रत्येकानें दिलेलें उत्तर त्याच्या संज्ञेंत सांठविलेलें आहे. म्हणून कवितेंत अलंकार कोणता, असें मुलानें विचारल्यास नांव सांगण्यापूर्वीं त्यास एवढें विचारावें कीं, हेंच साध्या शब्दांत सांगितलें असतें तर काय हरवलें असतें ? तें त्यास सांगतां आलें, तर संज्ञा त्याची झाली. एरवीं ती केवळ पाठ झाली.