परदेशस्थ कुटुंबांची किराणा खरेदी (लातूर-नांदेड)

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतून नोकरी-शिक्षणासाठी परदेशी गेलेली कुटुंबे धान्य, डाळी, पिठे आणि मसाले कसे मिळवतात, त्या व्यवहाराची ही नोंद. मार्ग तीन: राहत्या गावाजवळचे भारतीय दुकान, ऑनलाइन मागणी आणि घरून आलेली बॅग किंवा पार्सल. बहुतेक घरांत हे तिन्ही एकाच वेळी चालू असतात. कोणती वस्तू कोठून घ्यायची, हे आधी तिचे वजन, तिचा ताजेपणा आणि त्या देशाचे सीमाशुल्काचे नियम ठरवतात. दुकान स्वस्त की ऑनलाइन, हा हिशेब त्यानंतरचा.

मूळ बाजार : या भागातील खरेदीची सवय मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, घडलेली आहे. लातूरच्या गंजगोलाईत मधोमध अंबाबाईचे मंदिर आहे आणि गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. सोन्याचे दागिने, चपला, मिरची, गूळ अशा एकेका मालाची दुकाने या रस्त्यांवर वसली. लातूर ही तूर आणि सोयाबीनची मोठी बाजारपेठ असून शहरात डाळमिलचा धंदा जुना आहे. जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, कास्तीची कोथिंबीर आणि पानचिंचोलीची चिंच यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नांदेडला जुना मोंढा, नवा मोंढा आणि वजिराबाद यांच्या जोडीला सचखंड गुरुद्वाऱ्याभोवतीचा बाजार आहे. तेथे कॅनडा-ब्रिटनहून आलेले शीख यात्रेकरू कडे, कृपाण, रुमाले विकत घेतात. म्हणजे परदेशी गिऱ्हाईक या गावाला नवे नाही.

वर्षाचे धान्य सुगीनंतर एकदाच भरायचे, दाणा तळहातावर घेऊन पाहायचा, डाळ शिजते कशी ते दुकानदाराला विचारायचे, ही इथली रीत. शिक्षणामुळे बाहेर पडण्याची वाटही याच भागात तयार झाली. नांदेडचे श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ मध्ये सुरू झाले. पुढे परीक्षांच्या कसून तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला झाला. त्यातून पुण्यामार्गे परदेशी गेलेल्या पिढीने हीच रीत सोबत नेली.

दुकाने : अमेरिकेत १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर भारतीय वस्ती वाढली आणि तिच्या मागोमाग किराणा आला. ‘हाउस ऑफ स्पाइसेस’ १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात सुरू झाले, तर ‘पटेल ब्रदर्स’चे पहिले दुकान १९७४ मध्ये शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर उघडले. आज न्यू जर्सीतील ओक ट्री रोड, लंडनचे साउथॉल आणि वेम्बली, दुबईचा मीना बाजार, सिंगापूरचे मुस्तफा सेंटर ही मराठी कुटुंबांचीही ठरलेली ठिकाणे आहेत. अमेरिकेतील अनेक दुकानांचे मालक गुजराती असल्याने फळीवर ढोकळ्याचे पीठ आणि थेपले हमखास मिळतात. पुण्याच्या चितळ्यांची बाकरवडी आणि ‘सुहाना’चे मसालेही दिसतात. मराठवाड्याचे काळे तिखट आणि येसर (आमटीसाठीचे भाजक्या धान्य-मसाल्यांचे पीठ) मात्र क्वचितच हाती लागते.

तूरडाळीची गंमत वेगळीच आहे. टिकावी म्हणून एरंडेल चोळलेली ‘ऑइली’ डाळ अमेरिकी दुकानांत सर्रास विकली जाते. ती गरम पाण्याने चोळून धुवावी लागते, म्हणून लातूरकडची माणसे ‘ड्राय’ लिहिलेले पाकीट शोधतात. पाकीट उलटून पाहिले तर उत्पादक देश म्हणून कधी मलावीसारखा आफ्रिकी देशही निघतो. यात नवल काही नाही. जगात सर्वाधिक तूर पिकवणारा भारतच ती मोझांबिक, मलावी, म्यानमार येथून आयात करतो, आणि मोझांबिकशी तसा करार २०१६ मध्ये झाला.

दुकानाचे महत्त्व टंचाईत कळते. २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा अमेरिकेतील भारतीय दुकानांबाहेर रांगा लागल्या आणि सोना मसुरीची पोती बघता बघता संपली. काही दुकानांनी एका कुटुंबाला एकच पोते, असा नियम लावला. ही बंदी सप्टेंबर २०२४ अखेर उठली.

ऑनलाइन मागणी : जवळ भारतीय दुकान नसलेल्या विद्यापीठांच्या गावांत आणि छोट्या शहरांत ऑनलाइनशिवाय भागत नाही. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनखेरीज २०१५ मध्ये सुरू झालेली ‘वी’ ही आशियाई किराण्याची सेवा भारतीय मालही घरपोच देते. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. आठवडाभर नोकरी करणाऱ्या जोडप्याला शनिवार एवढाच खरेदीचा वार उरतो, म्हणून तेथे पीठ-मसाल्याची मागणी मोबाइलवरूनच जाते. हिंग, आमसूल, मोहरी अशा हलक्या आणि टिकाऊ वस्तूंना हा मार्ग सोयीचा पडतो. तांदळाच्या पोत्याचा पोहोच-खर्च मात्र दुकानाच्या भावाला मागे टाकू शकतो.

ज्वारीच्या पिठात ऑनलाइन खरेदी हटकून फसते. ज्वारीत ग्लुटेन नसते. त्यात पीठ जुने असले की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना कडा फुटतात. मग उकळते पाणी घालून पीठ मळावे लागते. पाकिटावर मुदत छापलेली असली तरी पीठ कितपत ताजे आहे, ते काठवटीत घेतल्यावरच कळते. यावर काही घरांनी अख्खी ज्वारी घेऊन घरी दळण्याचा उपाय काढला आहे. ज्वारीच्या उत्पादनात अमेरिका जगात आघाडीवर असून कॅन्सस हे राज्य त्यात पुढे आहे, त्यामुळे दाणा मिळतो. अडचण असते ती चक्कीची. भारतातली घरघंटी २३० व्होल्टवर चालते आणि अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची आहे. युरोपात व्होल्टेज जुळते, पण एवढे धूड विमानातून नेणार कसे?

चटण्यांसाठी लागणाऱ्या बियांचे नशीब दोन तऱ्हांचे आहे. जवस अमेरिकेच्या साध्या सुपरमार्केटमध्ये आरोग्यदायी खाण्याच्या फळीवर सहज मिळतो. कारळे मात्र तेथे प्रामुख्याने पक्ष्यांचे खाद्य म्हणून विकले जाते. भारत, इथिओपिया येथून येणाऱ्या या बियांसोबत तणाचे बी येऊ नये म्हणून आयातीच्या वेळी त्यांना उष्णता देण्याचे बंधन आहे. पक्ष्यांसाठीचा माल माणसांच्या खाण्यासाठी तपासलेला नसतो, म्हणून चटणीचे कारळे भारतीय दुकानातूनच घ्यावे लागते.

बॅग आणि पार्सल : काळे तिखट, येसर आणि घरच्या कुरडया, पापड, सांडगे यांना बाजारात सहसा पर्याय नाही. उन्हाळ्यात केलेले हे मसाले आणि वाळवण सुट्टीवर आलेल्या मुलांच्या बॅगेतून किंवा भेटीला निघालेल्या आई-वडिलांबरोबर जाते. नियम देशोदेशी वेगळे आहेत. धान्याला लागणाऱ्या खापरा भुंग्याच्या भीतीने अमेरिका भारतातून येणाऱ्या प्रवाशांना तांदूळ आणू देत नाही. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई असल्याने खव्याचे पेढे अडतात. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर येथे खसखस निषिद्ध आहे, त्यामुळे खसखशीवर थापलेले अनारसे दुबईच्या डब्यात घालणे धोक्याचे ठरते. सुके खोबरेही तेलामुळे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात गणले जाते, म्हणून विमानतळावर वाट्या बाहेर काढायला लावतात.

पार्सलवरची करसवलतही आटत गेली आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून स्वस्त आयातीवरही जीएसटी लावला. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतची व्हॅटसूट काढली. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या भेटीला ४५ युरोपर्यंत सूट राहिली. ब्रिटनमध्ये भेटवस्तूची मर्यादा ३९ पौंड आहे. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. त्या सुमारास भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सले घेणे थांबवले आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केले. लक्ष्मीपूजन तेव्हा जेमतेम आठवड्यावर आले होते. त्या वर्षी टपालाच्या भरवशावर राहिलेल्यांचा फराळ उशिरा पोचला किंवा निघालाच नाही.

सणाची खरेदी : मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूरकडे शेतात भज्जी, आंबिल आणि बाजरीचे उंडे यांचा बेत असतो. भज्जीला तुरीचे कोवळे दाणे, ओला हरभरा, पावटे लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या बर्फात ते गोठवलेल्या पाकिटांतून येतात. ‘तुवेर लिलवा’ या गुजराती नावाखाली तुरीचे दाणे भारतीय दुकानाच्या फ्रीजरमध्ये असतात. हा माल वितळू न देता घरी न्यावा लागतो, त्यामुळे या सणाला ऑनलाइनपेक्षा दुकानाचीच फेरी होते.

उलट दिशेची खरेदी : परदेशातली मुले गावाकडच्या आई-वडिलांसाठीही खरेदी करतात. औषधे, मिक्सर, मोबाइल यांची मागणी भारतीय संकेतस्थळांवर नोंदवली जाते आणि पत्ता लातूर किंवा नांदेडचा दिला जातो. किराण्याची यादी मात्र बहुधा ओळखीच्या दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. तो कोणत्या घरी कोणती डाळ लागते हे जाणतो आणि नापसंत माल परत घेतो. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमिराती आदी दहा देशांतील मोबाइल क्रमांकांना अनिवासी खात्यांवरून यूपीआय वापरण्याची मुभा दिली. त्यामुळे गावाकडच्या किराण्याचे बिल न्यू जर्सीतून थेट भरता येते. माल घरी पोचवायचे काम अजून दुकानातला पोऱ्याच करतो.