हुकूम आणि सबुरी

संगणकाच्या व्यवसायातील मंडळी 'लायब्ररी' हा शब्द उठता-बसता वापरतात. परंतु ही लायब्ररी एके काळी खरोखरीच कपाटात ठेवलेली होती, हे आता फारसे कोणाच्या ध्यानात नसते. ते कपाट होते इंग्लंडात, केंब्रिज विद्यापीठात. मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखाली तेथे 'एड्सॅक' नावाचा संगणक बांधला गेला, आणि ६ मे १९४९ रोजी त्याने आपले पहिले काम केले. काम कोणते, तर वर्गसंख्यांचा तक्ता! आमच्या शाळेतील पोरे जे घोकून म्हणतात तेच. पण ते यंत्राकडून करवून घेण्यासाठी कागदी फितीवर भोके पाडून एकेक आज्ञा लिहावी लागे, आणि एखादे भोक चुकले की सारे मुसळ केरात.

विल्क्स यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे, की यंत्राची खोली आणि फिती पाडण्याची जागा यांमधील जिन्यावर जात-येत असताना एकदा त्यांना उमगले : आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग आपल्याच लिखाणातील चुका शोधण्यात जावयाचा आहे. परीक्षेचे गठ्ठे तपासणाऱ्या कोणाही मास्तराला त्यांच्याविषयी आपलेपणा वाटावा, असाच हा प्रसंग!

या दुखण्यावर उतारा काढला तो त्यांच्या हाताखालील तरुण डेव्हिड व्हीलर यांनी. वारंवार लागणारी कामे एकदाच नीट लिहावी, पारखून घ्यावी आणि त्यांच्या फिती कपाटात लावून ठेवाव्या. ज्याला गरज पडेल त्याने नक्कल करून आपल्या फितीत जोडावी. १९५१ साली विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले, तोवर संग्रहात ८७ तुकडे जमले होते. लायब्ररीचा जन्म असा श्रम वाचविण्यासाठी झाला तितकाच चुकीच्या धास्तीतूनही झाला.

त्या काळी यंत्रापाशी माणसाला जावे लागे. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली 'टिफ्रॅक' सुरू केला, तेव्हाही तीच रीत होती. आता ती पालटली आहे. आज ज्याला 'क्लाउड' म्हणतात, त्यात नावापुरताच ढग आहे. कोठल्या तरी दूरच्या इमारतीत हजारो यंत्रे मांडलेली असतात; ती कंपनीच्या मालकीची, आणि आपण त्यांचे भाडेकरू. मार्च २००६ मध्ये अमेझॉन कंपनीने 'एस-३' नावाची साठवणीची कोठारे अशी भाड्याने देण्यास आरंभ केला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तासाच्या भाड्याने यंत्रेही.

पण मागावयाचे कसे? प्रत्येक मागणी ठरावीक नमुन्यात लिहावी लागे, तिच्यावर गुप्त किल्लीने सही उमटवावी लागे. अक्षर इकडचे तिकडे झाले की मागणी परत! तेव्हा मिच गार्नाट या गृहस्थाने पायथन भाषेसाठी ही सारी उस्तवार सांभाळणारी एक लायब्ररी लिहिली आणि तिला 'बोटो' हे नाव दिले. बोटो म्हणजे अमेझॉन नदीत राहणारा गोड्या पाण्यातील डॉल्फिन. कंपनीचे नाव नदीचे, म्हणून लायब्ररीचे नाव तिच्यातल्या जलचराचे! पुढे २०१५ साली तिचाच नवा अवतार 'बोटो-३' खुद्द कंपनीने प्रसिद्ध केला.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. या गोष्टी मला समजल्या त्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. त्याने चार ओळी लिहिल्या, त्यांत एके ठिकाणी 'एपी-साउथ-१' असे होते.

"हे काय रे?" मी विचारले.

"मुंबई, सर. २०१६ पासून अमेझॉनची यंत्रे इथेही आहेत."

थोड्याच वेळात मुंबईतले एक यंत्र आमच्या नावे चालू झाले. मग त्याने आणखी एक ओळ लिहिली आणि ते मोडून टाकले.

"अरे, खरेच मोडू का, एवढे तरी तिने विचारायचे!"

"ती विचारत नाही, सर. आपण सांगायचे, तिने करायचे."

हे उत्तर माझ्या मनात घर करून राहिले. ही लायब्ररी चाकर म्हणून गुणी आहे, यात शंका नाही. समोरून तात्पुरता नकार आला तर जरा थांबून ती पुन्हा विचारते. यंत्र चालू होईपर्यंत दाराशी वाट पाहत उभी राहते. यंत्रांच्या कामांत 'ड्राय रन' नावाची एक सोयही आहे : तुम्हाला परवानगी आहे की नाही, एवढेच सांगून ती थांबते, प्रत्यक्षात काही करीत नाही. मोडू नये म्हणून यंत्राला आधी कुलूपही घालता येते. पण हे सारे मालकाने आपण होऊन सांगितले तर!

न सांगितल्यास काय होते, ते २८ फेब्रुवारी २०१७ रोजी दिसले. अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनियात एस-३ ची बिले करणारी व्यवस्था मंद चालली होती, म्हणून अमेझॉनच्याच एका अधिकृत कर्मचाऱ्याने थोडी यंत्रे बाजूला काढण्याचा हुकूम दिला. ही कंपनीची आतली अवजारे; बोटो नव्हे, पण जात तीच. हुकुमातील एक भाग चुकीचा लिहिला गेला आणि भलतीच जास्त यंत्रे निघाली. कोठाराचे काम चार तासांहून अधिक काळ विस्कळीत झाले. असंख्य संकेतस्थळे अडली. सेवेची प्रकृती दाखविणारा कंपनीचा फलकही एस-३ वरच विसंबून असल्याने काही काळ बदलता येईना. वैद्यच अंथरुणाला खिळला!

मला मोलाचे वाटते ते पुढचे. कंपनीने आपल्या निवेदनात त्या माणसाचे नाव घेतले नाही. तिने बदलले ते अवजार : यंत्रे सावकाश काढावी, आणि किमान गरजेच्या खाली संख्या जाऊ लागली तर काढूच नये, असे त्याला शिकविले.

माणूस चुकणार, हे विल्क्स यांना १९४९ सालीच कळले होते. पण त्यांच्या विचारात आणि यंत्रात निदान एक जिना होता. चढता-उतरता क्षणभर थबकावयास जागा होती. आज बोटांचा हुकूम सुटतो आणि कोसांवरचे यंत्र मोडते. मधला जिना राहिलेला नाही. चाकराला चपळाई शिकवून झाली. आता तो जिना बांधण्याचे काम उरले आहे, आणि ते यंत्राकडून आपोआप होणारे नाही. ते हुकूम लिहिणाऱ्यानेच करावयाचे आहे.