मेथीदाणे आणि मद्यार्क

अमेरिकेतील लिन शहरी लिडिया पिंकहॅम ही गृहिणी मेथीदाणे व काही वनस्पतींची मुळे मद्यार्कात मुरवून स्त्रियांच्या दुखण्यांवर औषध करी, शेजारणींना विनामूल्य देई. १८७३च्या मंदीत पतीचा धंदा बुडाला. १८७५पासून तेच औषध विक्रीस आले. किंमत बाटलीला एक डॉलर! बाई मद्यपानविरोधी, औषधात मात्र सुमारे १८ टक्के मद्यार्क. १८८३ मध्ये त्या निवर्तल्या, तरी ‘आपले दुखणे मिसेस पिंकहॅमना कळवा’ अशा आशयाच्या जाहिराती झळकतच राहिल्या. १९०५ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ने त्यांच्या थडग्याचे छायाचित्र छापले. १९०६च्या कायद्याने असे औषध बंद केले नाही. मद्यार्काचे प्रमाण बाटलीवर लिहिण्यास मात्र भाग पाडले. विश्वासाने बाटली हाती घेणाऱ्या रुग्णाचे एवढे तरी देणे होतेच.