प्रौढ पुरुषांची सुंता

प्रौढ पुरुषांची सुंता म्हणजे वयात आलेल्या पुरुषाच्या शिश्नमुंडावरील त्वचा (अग्रत्वचा) शस्त्रक्रियेने काढून टाकणे. ज्यू व मुस्लिम समाजांत सुंता बहुधा बालपणी धार्मिक विधी म्हणून होते व निर्णय पालकांचा असतो. प्रौढ सुंतेत तो स्वतः त्या पुरुषाचा असतो. काढलेली त्वचा परत मिळत नसल्याने फायदे आणि धोके त्याला आधी नीट समजणे हा संमतीचा गाभा मानला जातो.

वैद्यकीय कारणे

अग्रत्वचा मागे न सरकणे (फायमोसिस) हे सर्वांत परिचित कारण होय. सुश्रुतसंहितेत ही अवस्था ‘निरुद्धप्रकश’, तर मागे गेलेली त्वचा तेथेच अडकून बसण्याची अवस्था (पॅराफायमोसिस) ‘परिवर्तिका’ या नावाने वर्णिली आहे. शिश्नमुंडाचा वारंवार होणारा दाह हे दुसरे कारण. मधुमेही पुरुषांत तो अधिक आढळतो. प्रौढ वयात नव्याने उद्भवलेला फायमोसिस हे कधीकधी निदान न झालेल्या मधुमेहाचेच लक्षण असते, म्हणून शस्त्रक्रियेआधी रक्तशर्करा तपासणे आवश्यक ठरते.

प्रत्येक फायमोसिसला सुंता लागत नाही. सौम्य प्रकारांत स्टेरॉइडयुक्त मलम काही आठवडे लावल्याने त्वचा सैल होऊ शकते. त्वचा न काढता तिचा घेर वाढवणारी छोटी शस्त्रक्रियाही उपलब्ध आहे. त्वचा पांढरी, कडक व व्रणयुक्त करणाऱ्या लायकेन स्क्लेरोसस या आजारात मात्र अनेकदा सुंता हाच परिणामकारक उपाय ठरतो.

शिश्नाच्या कर्करोगाविषयी एक गैरसमज आढळतो. बालपणी सुंता झालेल्या पुरुषांत हा दुर्मिळ कर्करोग कमी दिसतो, परंतु प्रौढपणी केलेल्या सुंतेने तेवढे संरक्षण मिळते असे सिद्ध झालेले नाही.

एचआयव्ही प्रतिबंध

अग्रत्वचेच्या आतील पातळ अस्तरात एचआयव्ही विषाणू ज्यांना लक्ष्य करतो अशा पेशी पृष्ठभागाजवळ असतात. ती त्वचा काढल्यास संसर्ग घटेल का, हे तपासण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज फार्म, केनियातील किसुमू आणि युगांडातील राकाई येथे यादृच्छिक चाचण्या झाल्या. स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या संसर्गाचा धोका सुमारे ५० ते ६० टक्क्यांनी कमी झाल्याचे तिन्ही ठिकाणी दिसले. त्याआधारे जागतिक आरोग्य संघटना व यूएनएड्स यांनी मार्च २००७ मध्ये, एचआयव्हीचा प्रादुर्भाव मोठा आणि सुंतेचे प्रमाण कमी असलेल्या प्रदेशांसाठी ऐच्छिक सुंतेची शिफारस केली. पूर्व व दक्षिण आफ्रिकेत त्यानंतर २ कोटींहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

टक्केवारीमागील प्रत्यक्ष आकडे पाहणे उपयुक्त आहे. किसुमूत दोन वर्षांत सुंता झालेल्यांपैकी २.१ टक्के, तर न झालेल्यांपैकी ४.२ टक्के पुरुषांना लागण झाली. म्हणजे एक संसर्ग टळण्यासाठी सुमारे ५० जणांची सुंता करावी लागली. जेथे मुळातच लागण विरळ आहे, तेथे हाच आकडा कितीतरी पटींनी वाढतो. आफ्रिकेतील निष्कर्ष भारतासारख्या कमी प्रादुर्भावाच्या देशाला जसेच्या तसे लावता न येण्याचे कारण हेच.

भारतातील महत्त्वाचा अभ्यास पुण्याचा आहे. तेथील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या २,२९८ एचआयव्हीमुक्त पुरुषांचा पाठपुरावा करणारा हा अभ्यास २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. सुंता झालेल्यांत एचआयव्हीची लागण बरीच कमी आढळली. मात्र उपदंश, परमा व जननेंद्रियाची नागीण यांपासून संरक्षण दिसले नाही. तो निरीक्षणात्मक असल्याने त्याचे वजन चाचण्यांइतके नाही. राकाईच्या चाचणीत नागीण व मानवी पॅपिलोमा विषाणू यांचे प्रमाण घटले, उपदंशाचे घटले नाही.

संरक्षण अपुरे असल्याने निरोधाची गरज कायम राहते. शिवाय ते पुरुषापुरतेच आहे: एचआयव्हीबाधित पुरुषांची सुंता केल्याने त्यांच्या पत्नींना होणारा संसर्ग घटत नाही, असे युगांडातील २००९ च्या अभ्यासात दिसले. जखम भरण्याआधी संबंध सुरू केल्यास तिचा धोका वाढण्याचीही शक्यता असते.

धोके

शस्त्रक्रिया सहसा स्थानिक भूल देऊन होते व रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. रक्तस्राव, रक्ताची गाठ, जंतुसंसर्ग व टाके उसवणे या नेहमीच्या गुंतागुंती होत. झोपेत येणाऱ्या ताठरतेमुळे टाक्यांवर ताण पडतो, हा त्रास बालकांपेक्षा प्रौढांना अधिक. मध्यम वा गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण किसुमूत सुमारे १.५ टक्के, तर राकाईत ३.६ टक्के होते. प्रमाणाबाहेर त्वचा काढली जाणे वा शिश्नमुंडास इजा हे प्रकार विरळ, पण दुरुस्तीस कठीण आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती माहिती आधी द्यावी. सुमारे सहा आठवडे लैंगिक संबंध टाळावे लागतात.

लैंगिक सुखाच्या प्रश्नावर मतभेद आहेत. चाचण्यांत लैंगिक कार्यात लक्षणीय फरक दिसला नाही. तर अग्रत्वचा स्पर्शसंवेदनशील असल्याने तिचा नाश ही हानीच होय, असे टीकाकार म्हणतात. आजारासाठी सुंता झालेल्यांची वेदना जाऊन समाधान वाढते, त्यामुळे त्यांचे अनुभव निरोगी पुरुषाला लागू करताना सावधगिरी हवी.

सामाजिक संदर्भ

दक्षिण आफ्रिकेतील खोसा समाजात ही दीक्षा पौरुषाचा संस्कार आहे. नेल्सन मंडेला यांनीही आत्मचरित्रात आपल्या सुंतेचे वर्णन केले आहे. रुग्णालयाबाहेर होणाऱ्या या विधीत निर्जलीकरण व जंतुसंसर्गाने दरवर्षी तरुण दगावतात. याउलट केनियातील लुओ समाजात सुंतेची परंपराच नव्हती. तेथील मोहिमेला आरंभी ज्येष्ठांनी विरोध केला. २००८ नंतर रायला ओडिंगा यांच्यासारख्या नेत्यांनी जाहीर पाठिंबा दिल्यावर, संस्कृती म्हणून नव्हे तर आरोग्यसेवा म्हणून ती तेथे स्वीकारली गेली.